दोर कुणी धरायचा

आमच्या घरमालकीणबाई खोली भाड्यानं देताना आलेल्या माणसाला आधी एकच गोष्ट विचारायच्या. नाव, गाव, जात, पगार हे सगळं मागाहून. पहिल्यांदा विचारायच्या, "तुमी कशाला भिता?"

एकदा मिलमधला एक मुकादम खोली बघायला आला. चांगला उंचापुरा, डोक्याला फेटा, पायात करकरत्या वहाणा. त्यानं मिशीवरून हात फिरवून सांगितलं, मी कुणाच्या बापाला भीत नाही. बाईंनी हातातली किल्ली परत कनवटीला लावली. म्हणाल्या, "मग खोली न्हाय. न भिणारा माणूस चूल पेटती ठेवून बाहेर जातो."

आम्ही मंद्रूपहून सोलापुरात आलो तेव्हा आमच्या घरच्यांना, माझ्या नवऱ्यालाही, हेच विचारलं. त्यांनी आपल्या पायांकडे बघत खरं सांगून टाकलं, "आईला." आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाठोडं घेऊन मागंच उभ्या होत्या. घरमालकीणबाईंनी त्यांना वरून खालपर्यंत निरखलं आणि मुकाट किल्ली दिली. आपल्या मुलानं कसं शहाणं उत्तर दिलं, हे आत्याबाई पुढं वर्षभर सगळ्यांना सांगायच्या. ऐकताना बायका पदर तोंडाला का लावतात, ते त्यांना कधी उमगलं नाही.

घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. अक्का अक्कलकोटकडच्या लिंगायत. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या करंड्यात लिंग. आमच्याशी मराठी बोलायच्या, पण राग आला की आधी कानडी यायची, मग त्याच आम्हाला तिचा अर्थ सांगायच्या, म्हणजे एका रागात दोनदा बोलणी बसत. बाजेवर बसायच्या आधी बाज हलवून बघायच्या. शिडीला हात लावायच्या आधी शिडीशी बोलायच्या. दुसऱ्या बायका घरातलं सोनं सांगतात तशा त्या अभिमानानं सांगायच्या, "मी लई भित्री बाई हाय."

आमच्या शेजारच्या खोलीत नरसम्मा राहायची. तिचं माहेर-सासर तेलंगी, घरात हातमाग, आणि तोंड मागापेक्षा जास्त चालणारं. तिनं एकदा न राहवून विचारलं, की अक्का, तुमचे यजमान कसे होते. अक्का शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते कशालाच भीत न्हवते. म्हणून तर भाडं मी घेते."

मग हळूहळू कळलं. यजमानांची तंबाखूची डबी विहिरीत पडली होती. ती काढायला ते दोर न लावता उतरले. नरसम्मानं चुकचुकत विचारलं, मग काय झालं. अक्का म्हणाल्या, "डबी सापडली."

ती विहीर आमच्या आवारातच होती. आमची वस्ती गावाच्या कडेला, नळ तिथवर आलेला नव्हता. विहिरीचं वरचं बांधकाम घडीव दगडाचं, आणि त्याच्याखाली नुसता काळा कातळ, सरळ तुटलेला. पावसाळ्यात कप्पीवरून घागर सोडली की भरून यायची. पण उन्हाळा तापला की पाणी एका कोपऱ्यात, कपारीच्या आत सरकायचं. वरून सोडलेली घागर कोरड्या दगडावर जाऊन आदळे. मग कुणीतरी कातळातल्या खोबण्यांत, शेवटी एका मोठ्या खोबणीत, हातपाय घालून खाली उतरायचं, कपारीपुढच्या टप्प्यावर उभं राहून तांब्यानं घागर भरायची, आणि वरच्यांनी ती ओढून घ्यायची.

हे काम बायकांचं. पुरुषांना अक्का विहिरीजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. त्या म्हणायच्या, बाप्या माणसाला पोटात कळ आली तर सांगतो, भीती आली तर सांगत नाही. असलं माणूस माझ्या विहिरीत नको.

उन्हाळ्याच्या आधी दोन महिने अक्का आम्हाला शिकवायला घ्यायच्या. अंगणाच्या भिंतीवर कोळशानं खोबण्यांच्या खुणा करायच्या, जमिनीपासून वीतभर उंच. लुगड्याचा काचा घट्ट मारून भिंतीला पालीसारखं चिकटायचं आणि डोळे मिटून सरकायचं. "डोळ्यानं बघू नका, पायानं बघा," हे त्यांचं पालुपद. हात हलवताना पाय हलवायचे नाहीत, पाय हलवताना हात. एका वेळी एकच सोडायचं. नरसम्मा चिकटल्या चिकटल्या गप्पा मारायची. अक्का म्हणायच्या, मारू दे, बोलणाऱ्या बाईचा श्वास चालू असतो.

विहिरीत पारव्यांची घरटी होती. माणूस उतरलं की एखादा पारवा कानाजवळून फडफडत उडायचा, आणि दचकून हात सुटायची भीती. त्यावर अक्कांनी सूप काढलं. कुणी भाकरी थापत असो, वेणी घालत असो, डोक्यावर भरली घागर असो, अक्का मांजरीच्या पावलानं मागून यायच्या आणि कानाशी सूप फडफडवायच्या. दचकलं की नापास. त्या दोन महिन्यांत आमच्या आवारात किती भाकऱ्या करपल्या आणि किती घागरी लवंडल्या त्याला गणती नाही. टपाल घेऊन येणाऱ्या माणसालाही एकदा सूप बसलं. तेव्हापासून तो दारातूनच नावं पुकारायचा.

उतरायच्या आधी तोंडात चिंचेचं बोटूक ठेवायचं. तोंडाला पाणी सुटलं तर उतरायचं, तोंड कोरडंच राहिलं तर त्या दिवशी घरी जायचं. आणि अर्ध्यातून परत वर येणाऱ्या बाईला अक्का गुळाचा खडा द्यायच्या. खालपर्यंत जाऊन पाणी आणणारीला काही नाही. टेंभुर्णीच्या एक काकू आमच्या आवारात भाडेकरू होत्या, चांगल्या अंगानं भरलेल्या. त्या रोज चार खोबण्या उतरायच्या, हुश्श करायच्या, वर यायच्या आणि गूळ घेऊन घरी जायच्या. नरसम्मानं तक्रार केली की ही बाई तुम्हाला फसवते. अक्का म्हणाल्या, "फसवू दे की. गूळ संपंल, बाई राहील."

पण या सगळ्यापेक्षा अवघड दोन नेम होते.

पहिला असा, की उतरायच्या आधी काठावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत, आपल्याला नक्की कशाची भीती वाटते ते मोठ्यानं सांगायचं. नुसतं "भीती वाटते" म्हणून चालायचं नाही. कुठल्या खोबणीवरून पाय सुटेल, कशावर डोकं आपटेल, बातमी कोण कुणाला सांगेल, मागं काय होईल, सगळं. अक्का म्हणायच्या, भीती पोटात ठेवली तर ती खाली गेल्यावर बोलते, म्हणून तिला वरच बोलून घेऊ द्यायची. नरसम्मा तर आपल्या मरणाचं असं रसाळ वर्णन करायची, की नवरा दुसरी कुठली बायको आणणार, तिचं नाक कसं असणार, ती मागावर किती धोटे तोडणार, इथपर्यंत जायची. बायका हसून हसून काठावर बसून घ्यायच्या. नरसम्मा चिडून म्हणायची, मी मेले आणि तुम्ही हसता. मग तणतणत सरसर उतरून जायची.

दुसरा नेम दोराचा. कमरेला दोर बांधायचा, त्याचा एक वेढा कप्पीच्या खांबाला द्यायचा, आणि शेवट एका बाईनं हातात धरायचा. कुणी? तर जिच्याशी आपलं सगळ्यात अलीकडे भांडण झालंय तिनं. काकूंना हे ऐकून घाम फुटला होता. त्यांनी विचारलं, मैत्रिणीनं धरला तर काय बिघडलं. अक्का म्हणाल्या, "मैत्रीण गप्पांत रमती. वैरीण न्हाय रमत. तू पडलीस तर गाव कुणाकडं बोट दाखवील? तिच्याकडं. ती दात रोवून धरंल."

खरंच तसंच व्हायचं. काकू आणि नरसम्मा यांचं सरपणावरून वाजलं होतं, एकमेकींच्या दारातनं जात नसत. पण दोर धरताना काकू पाय भिंतीला टेकवून अशा बसायच्या, की बैलाला हलल्या नसत्या.

माझं घोडं इथंच अडलं. मी लहानपणापासून मुखदुर्बळ. आम्ही धनगर माणसं, माझं बालपण मेंढरांमागं गेलं, आणि मेंढरांशी फार बोलावं लागत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यात पाटीवर सगळं लिहायची, पण मास्तरांनी उभं केलं की जीभ टाळूला चिकटायची. आजही चार माणसांत मला काही सांगता येत नाही. म्हणून हे लिहून काढते आहे.

भिंतीवर मी सगळ्यात चांगली चिकटायची. सुपाला दचकत नव्हते. पण काठावर उभं करून अक्का म्हणाल्या, "सांग गं," की मी आपली लुगड्याच्या काठाकडे बघत उभी. अक्का वाट बघायच्या. मग म्हणायच्या, "आज न्हाय." आणि मला काठावरून बाजूला करायच्या. गूळही नाही, कारण मी उतरलेच नव्हते.

आणि दोर धरायला तरी कोण? माझं कुणाशी भांडणच नव्हतं. अक्कांनी विचारलं, कुणाशी तरी कधी तरी झालं असेल की. मी मान हलवली. त्यांनी कपाळावर हात मारला. एवढ्या वर्षांत असली बाई बघितली नाही म्हणाल्या.

नरसम्मानं मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि माझं सरपण तू चोरलंस म्हणून ओरडायला लागली. मी आत गेले आणि आमच्या सरपणातली मोळी आणून तिच्यापुढं ठेवली. तिनं मोळी उचलली, तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली. अक्कांकडे जाऊन म्हणाली, "भिंतीशी भांडण होतंय, या बाईशी होत न्हाय."

त्याच सुमारास पैलवानाची गोष्ट घडली. तो काकूंचा भाऊ, तालमीत जाणारा. बहिणीचे हाल बघवत नाहीत म्हणून, अक्का देवळात गेल्या असताना, लंगोट लावून उतरला. चिंच नाही, दोर नाही, सांगणं नाही. खाली छान पोचला. पण तिथून वर बघितलं तर सगळ्या आवारातल्या बायका ओणवून त्याच्याकडे बघताहेत. झालं, तो टप्प्यावर उभा तो उभाच. येतो, दमलोय, जरा गार वाटतंय, असं सांगत राहिला. अक्का आल्या. काठावर बसून त्याला काही विचारलं, आणि तो खालून काहीतरी हळूच बोलला. अक्का उठल्या आणि आम्हा सगळ्यांना आपापल्या खोलीत जाऊन दारं लावून घ्यायला सांगितलं. काकूंनी फटीतून बघितलं म्हणून त्यांना कानडीत आणि मराठीत बोलणी बसली. थोड्या वेळानं दारं उघडली तर पैलवान धोतर नेसून कट्ट्यावर पाणी पीत बसलेला. अक्का एवढंच म्हणाल्या, त्याला विहिरीची भीती नव्हती, तुमची होती. बोलला म्हणून वर आला.

ते ऐकून मी घरात जाऊन रडले. पैलवानसुद्धा बोलला होता.

घरात माझं काही खरं नव्हतं. उतरता न येणाऱ्या घराला बाकीच्यांनी दोन घागरी द्यायच्या, असा अक्कांचाच दंडक होता, त्यामुळे आम्ही तहानलेले नव्हतो. पण आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उतरणं शक्य नाही, आणि धडधाकट सून असताना पाणी मागून आणायचं, हे त्यांना सोसवेना. मागून आणलेलं पाणी नरड्याखाली उतरत नाही म्हणायच्या. आणि मी बोलत नाही याचा राग तर पहिल्यापासूनचा. त्या दिवसभर बोलायच्या आणि मी ऐकायची. शेवटी त्यांनी बाजारला आलेल्या एका गाववाल्याबरोबर मंद्रूपला माझ्या माहेरी सांगावा धाडला. येत्या सोमवारी गाडी घेऊन या आणि तुमची पोरगी घेऊन जा. मुकी आणि बिनकामाची सून आम्हाला नको. घरचे मधे पडले नाहीत. ते कशाला भितात ते त्यांनी आधीच सांगितलं होतं.

रविवारी सकाळी अक्कांनी मला विहिरीवर बोलावलं. सगळ्या बायका होत्या. आत्याबाईही आल्या, काठी टेकत, मागं उभ्या राहिल्या. अक्कांनी माझ्या कमरेला दोर बांधला, खांबाला वेढा दिला. दोराचा दुसरा शेवट जमिनीवर पडलेला. चिंचेनं तोंडाला पाणी सुटलं होतं.

"सांग गं," अक्का म्हणाल्या.

नरसम्मा डोळ्यांनी मला सांगत होती, बोल की बाई, काहीही बोल.

मागून आत्याबाई म्हणाल्या, "ती काय बोलतीया. कातळाला पाझर फुटंल, हिला न्हाय."

काय झालं कोण जाणे. मी विहिरीकडे बघत बोलायला लागले. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. मी म्हणाले, "मोठ्या खोबणीवरनं माझा पाय सुटंल. मी टप्प्यावर आपटंन. आणि आत्याबाई पयल्यांदा बघतील, की घागर चेपली का."

आत्याबाई पुढं आल्या. "मी? मी घागर बघीन?"

"व्हय," मी म्हणाले. त्यांना मी कधी उलटून काही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. "माझ्या पायावर दूध उतू गेलं तवा तुमी पाय बघितला का दूध?"

"समदं दूध सांडलं व्हतं की!"

"पायाला फोड आला व्हता."

"मग बोलायचं न्हाय? तोंड कशाला दिलंय देवानं? मला काय सपान पडतंय तुझ्या फोडाचं?"

"दिवसभर तुमीच बोलताय. मी बोलू कवा?"

काकूंनी पदर तोंडात घातला होता. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला, काठी हातातून पडली. त्या आणखी काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात अक्कांनी जमिनीवरचा दोर उचलला आणि त्यांच्या हातात दिला. "झालं भांडण," त्या म्हणाल्या. "धरा."

मी उतरायला लागले. वरचं बांधकाम संपलं, कातळ सुरू झाला. तो अंगाला गार लागत होता. पहिली खोबण, दुसरी खोबण, सगळं भिंतीवरच्यासारखंच. पारवा उडाला, मी हलले नाही. मोठ्या खोबणीशी आले, खाली पाय टाकला, आणि दोर ताणला. पुढं जाता येईना. मी कमरेत अडकून, एक पाय खोबणीत, एक पाय हवेत.

वरून अक्कांचा आवाज आला, ढिला सोडा आत्याबाई.

"सोडत न्हाय."

"पाय टेकू दे तिला."

"सोडत न्हाय म्हनलं ना. ही पडली तर लोक म्हनतील सासूनं मारली."

"हौदु," अक्का म्हणाल्या, म्हणजे होय. "म्हणून तर तुमच्या हातात दिलाय. आणि काय?"

"आणि काय न्हाय."

"न्हाय कसं? सांगा की. ती लटकलीया."

खरंच लटकले होते. दोर बरगड्यांत रुतत होता, पण वरचं ऐकायला मिळावं म्हणून मी हूं की चूं केलं नाही. मग आत्याबाईंचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, बारीक. "पोरगा गिरणीत जातो. दिवसभर ही एकलीच ऐकती माझं. ही गेली तर मी बोलू कुणाशी?"

"आता सोडा ढिला," अक्का म्हणाल्या. "बोटभर. बास. अजून बोटभर."

दोर बोटाबोटानं सैल झाला. माझा पाय टेकला. टप्प्यावर उतरले तेव्हा कपारीत पाणी दिसलं, काळं आणि स्थिर, आणि मी तांब्यानं घागर भरायला लागले. घागर वर गेली. ती कातळाला दोनदा आदळल्याचा आवाज आला. मग मी वर आले. काठावर डोकं काढलं तेव्हा आत्याबाई दोराला धरून जमिनीवर बसलेल्या, पाय खांबाला लावलेले, तळव्यांची सालं निघालेली. अक्कांनी त्यांच्या मुठी एकेक बोट करून उघडल्या.

सोमवारी माझा दादा गाडी घेऊन आला. आत्याबाई दारात बसल्या होत्या, दोन्ही हातांना हळद-तेलाची फडकी बांधलेली. अक्का आपल्या उंबऱ्यावर शेंगा फोडत होत्या.

आत्याबाई म्हणाल्या, "पाव्हणं, पाणी प्या आन् जावा. पोरगी यायची न्हाय."

दादा गोंधळला. म्हणाला, "तुमीच सांगावा धाडला व्हता की."

"धाडला व्हता. तवा ही बोलत न्हवती. आता कुटं तोंड उघडलंय, आता कुटं मला हिच्याशी धड भांडता येतंय, आन् तुमी न्यायला आला व्हय? आन् ऐका तुमची भन काय म्हनती ते. म्हनती, ती वर आली तवा मी आदी घागर बघितली."

दादानं माझ्याकडे बघितलं. अक्कांचे हात थांबले.

मी म्हणाले, "बघितलीच."

"खोटं. आदी तुला बघितलं."

"घागर."

दादा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, त्यानं अजून एक तांब्या मागितला, तोही प्यायला आणि बैल जुंपून रिकामी गाडी घेऊन गेला. आम्ही दोघी भांडतच होतो. खरं म्हणजे आत्याबाईंनी आधी मलाच बघितलं होतं. पण तसं कबूल केलं असतं तर भांडण मिटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा दोर धरायला माणूस राहिलं नसतं.